जंत इतर आजारांचे सोंग घेतात, तेव्हा या चुका टाळा

ठाण्यात किंवा नवी मुंबईत मुलाला रात्री खोकल्याची ढास लागली, की बांधकामाच्या धुळीवर ठपका ठेवून दम्याचा पंप सुरू केला जातो. पुष्कळदा ते बरोबरही असते. पण पंप घेऊनही खोकला हटत नसेल, तर रक्ततपासणीतील इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींची संख्या पाहिल्याशिवाय औषध वाढवण्याची घाई करू नये. हत्तीरोगाच्या परजीवीमुळे होणाऱ्या फुप्फुसविकारात ती सहसा दर मायक्रोलिटर रक्तात ३००० च्या वर जाते आणि तेथे दम्याच्या औषधाने मूळ दुखणे जात नाही.

‘शौचतपासणीत काही निघाले नाही’ या वाक्यावर विसंबणे ही सर्वांत मोठी चूक आहे. गोल जंताच्या अळ्या फुप्फुसातून जात असताना खोकला व घरघर होते, परंतु शौचात अंडी दिसायला संसर्गापासून सुमारे दोन महिने लागतात. सोसायटीच्या बागेतील वाळूत भटक्या कुत्र्यांच्या विष्ठेतून येणारा टोक्सोकारा हा जंत तर माणसाच्या आतड्यात प्रौढच होत नाही, त्यामुळे तो शौचात कधीच सापडत नाही. त्यासाठी रक्तातील प्रतिपिंडे तपासावी लागतात. याच जंताची अळी डोळ्यात शिरली, तर बाहुलीत पांढरी झाक दिसून डोळ्याच्या कर्करोगाचा संशय येतो. अशी झाक दिसताच, कारणाचा तर्क न लढवता, नेत्रतज्ज्ञ गाठावा.

दुर्गंधीयुक्त, तेलकट जुलाब होऊन वजन घटत असेल, तर पालक परस्पर दूध आणि गहू बंद करतात. जिआर्डिया या आतड्यातील एकपेशीय परजीवीचे चित्र अगदी असेच असते व एका नमुन्यात तो निसटतो, म्हणून वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने द्यावेत. गहू आधीच बंद केल्यास सिलिअ‍ॅक या गव्हातील ग्लूटेन न सोसण्याच्या आजाराची तपासणीही फसवी ठरते, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

पहिल्यांदाच आकडी आलेल्या मुलाच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये कड्यासारखा गोल डाग दिसला, तर ती क्षयाची गाठ असू शकते, तशीच पट्टकृमीच्या अळीची पुटीही. ‘आम्ही शाकाहारी आहोत’ म्हणून दुसरी शक्यता झटकू नये. पट्टकृमी बाळगणाऱ्या माणसाच्या विष्ठेतील अंडी न धुतलेल्या भाजीवरून किंवा हातांवरून पोटात जातात. येथे घरच्या घरी जंताची गोळी देणे धोक्याचे आहे, कारण पुटी मरताना सूज वाढून पुन्हा आकडी येऊ शकते.

फेब्रुवारी आणि ऑगस्टमधील जंतनाशक मोहिमेत शाळेत अल्बेंडाझोल ही जंताची गोळी घेतली, म्हणजे प्रश्न मिटला असेही नाही. त्या एका गोळीने जिआर्डिया जात नाही. रात्री गुदद्वाराशी खाज सुटून मूल चिडचिडे होत असेल, तर सकाळी अंघोळीपूर्वी तेथे पारदर्शक चिकटपट्टी लावून ती तपासायला द्यावी, आणि सुतासारखे जंत निघाल्यास घरातील सर्वांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने एकाच वेळी औषध घेऊन दोन आठवड्यांनी पुन्हा घ्यावे.