आयात-निर्यातीचं आश्वासन क्विंटलच्या हिशेबात कसं तपासावं

‘परदेशी तेल रोखू’, ‘साखरेची निर्यात खुली करू’ असं कुणी बोलू लागलं की आधी बघा, निवडणूक कसली आहे. परदेशी व्यापार आणि सीमाशुल्क हे दोन्ही विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या यादीत आहेत, नोंदी 41 आणि 83. आमदारकीच्या उमेदवारानं आयात शुल्काचा शब्द दिला तर तो सोडून द्या. त्याला बाजार समिती, वजनकाटे आणि थकलेलं ऊसबिल विचारा. खासदारकीची असेल तर कर्नाटकातल्या आपल्या सीमाभागात मतदारसंघ चुकवू नका. निपाणी चिकोडीत येतं, बेळगाव शहर आणि बेळगाव ग्रामीण बेळगाव मतदारसंघात, पण खानापूर उत्तर कन्नडमध्ये. सीमाभागात सभा भाषेवरच तापते, पेंडीचा भाव कुणी काढत नाही. म्हणून प्रश्न कागदावर लिहून न्या.

सोयाबीनपासून सुरुवात करा, कारण फसगत इथंच जास्त होते. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या सोयाबीन, पाम आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून 20 टक्के झालं. त्यात कृषी अधिभार 5 टक्के मिळवा, मग या 25 वर दहा टक्के समाजकल्याण अधिभार म्हणजे 2.5. एकूण 27.5 टक्के, आधी 5.5 होतं. बंदरात किलोला 100 रुपयांचं तेल धरलं तर फरक 22 रुपये. क्विंटलभर सोयाबीनमधून तेल निघतं साधारण 18 किलो, म्हणजे वाढ फार तर 396 रुपये, तीही सगळी शेतकऱ्यापर्यंत पोचली तर. उरलेली बहुतेक पेंड असते आणि तिचा भाव पडला की तेलानं कमावलेलं पेंड खाते. त्या हंगामात शुल्क वाढूनही बऱ्याच बाजारांत सोयाबीन 4,892 रुपये हमीभावाच्या खालीच गेलं. 30 मे 2025 ला मूळ शुल्क पुन्हा 10 टक्क्यांवर आलं, म्हणजे एकूण 16.5. तेव्हा उमेदवाराला तेलाबरोबर पेंडीचंही विचारा. आणि घरात महिन्याला किती तेल लागतं तेही त्याच कागदावर मांडा. विकणारे आपण, विकत घेणारेही आपणच.

उसाचा हिशेब सोपा. रिकव्हरी, म्हणजे उसातून साखर निघण्याचं प्रमाण, 10.25 टक्के धरली तर टनाला 102.5 किलो साखर. साखर किलोमागे एक रुपयानं वाढली तर टनाला जास्तीत जास्त 102.5 रुपये. ‘निर्यात खुली केली की टनाला पाचशे वाढतील’ म्हणणाऱ्याला विचारा, कारखान्याच्या दारात साखर पाच रुपयांनी चढेल कशी? साखरेच्या निर्यातीला जून 2022 मध्ये परवानगीची अट लागली. 2025-26 साठी केंद्रानं सुरुवातीला 15 लाख टन सोडले. नोव्हेंबर 2025 मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लापूरच्या ऊस आंदोलनात मागणी टनाला 3,500 ची होती, तडजोड 3,300 वर झाली. त्या वेळी कर्नाटक सरकारनं निर्यात कोट्याकडे आणि 2019 पासून किलोला 31 रुपयांवर अडकलेल्या किमान साखर विक्री दराकडे बोट दाखवलं. बोट खोटं नव्हतं, पण काटा आणि थकबाकी राज्याच्याच हातात असते. तुलना करताना एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, आणि तोडणी-वाहतूक वजा होऊन हाती पडणारी रक्कम यांची गल्लत करू नका.

तारीख आणि अट दोन्ही वाचा. कांद्याची निर्यातबंदी 8 डिसेंबर 2023 ला लागली, मुदत 31 मार्चची होती, ती वाढवली गेली आणि 4 मे 2024 ला बंदी उठली. आपल्याकडे लोकसभेचं मतदान 7 मे ला होतं. पण त्याच वेळी टनाला 550 डॉलरची किमान निर्यात किंमत आणि 40 टक्के निर्यात शुल्क लागलं. ‘बंदी उठवली’ हे वाक्य खरं होतं, माल मात्र लगेच स्पर्धेत उतरत नव्हता. म्हणून भाषणातलं वाक्य टिपू नका. विदेश व्यापार महासंचालनालयाची किंवा सीमाशुल्काची अधिसूचना काढून दर आणि शेवटची तारीख उतरवून घ्या.

कापसाला एकच उत्तर नाही. ऑगस्ट 2025 मध्ये 11 टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत माफ झालं. सौंदत्तीच्या कापूसवाल्याला ते नको होतं, सूतगिरणीला हवं होतं. उमेदवार दोघांनाही होकार देत असेल तर दोघांना एकाच सभेत बसवून विचारा.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्रीवाल्यांनी अमेरिकेच्या शुल्काबद्दल वचन मागू नये. समोरच्या देशानं लावलेलं शुल्क दिल्लीच्या अधिसूचनेनं उतरत नाही. भंगारावरचं शुल्क, निर्यात कर्जाचं व्याज आणि वीजदर विचारावेत, यातला शेवटचा आमदारालाही.