हट्टी लेकराला ‘घालू का?’ नको, ‘कोणतं घालू?’ विचारा

दोन-अडीच वर्षांचं पोट्टं ‘नाई’ म्हणायला शिकलं की दिवसभर तेच. मे महिन्यात आमच्याकडे विदर्भात पारा ४५ अंशांवर जातो, अन् आमच्या पोरीला नेमकं भर दुपारी आंगणात जायचं असते. ‘डोक्याला दुपट्टा बांधू का?’ विचारलं की उत्तर ठरलेलं. मग मी विचारणंच बदललं: ‘लाल बांधू की पिवळा?’ ती थांबते, दोन्ही हातात घेऊन पाहते, बहुतेक वेळा पिवळा ओढते. बांधायचा की नाही, हा प्रश्नच उरत नाही.

पर्याय दोनच द्या, अन् दोन्ही तुम्हाला चालणारे. ‘जेवतेस की मार खातेस’ हा काही पर्याय नव्हे! खाली बसून, तिच्या डोळ्यांत पाहून विचारा. मग मनात दहापर्यंत मोजा, गप्प राहा. लेकराला ठरवायला वेळ लागते. वावरात जायची घाई आपल्याला असते, तिला नाही.

भूक लागली असेल किंवा डोळे चोळत असेल तर मात्र हे चालत नाही. तेव्हा आधी वरण-भात भरवा, झोपवा. दुपट्ट्याचं उठल्यावर.