गव्हात मशागत आणि तणनियंत्रण: या चुका टाळा

गव्हात महिनाभराने कोणतं तण डोकं वर काढणार, हे बरंचसं पेरणीआधीच्या मशागतीतच ठरतं. तरीही मशागतीचा विचार वेगळा आणि तणनाशकाचा वेगळा होतो. माझ्या मते मूळ चूक हीच.

दर हंगामात नुसता रोटाव्हेटर फिरवणं सगळ्यात महागात पडतं. वरची माती भुसभुशीत दिसते, पण पात्यांच्या खालचा थर घट्ट होत जातो. ओल्या शेतात लोखंडी सळई दाबून पाहा. ती ठरावीक खोलीवर अडत असेल आणि उपटलेल्या रोपाची मुळं आडवी वळलेली असतील, तर पाणी-खत वाढवून भागणार नाही. पीक निघाल्यावर जमीन कोरडी असताना खोल नांगरट करा किंवा सबसॉयलर (खालचा घट्ट थर फोडणारं अवजार) चालवा. पण दरवर्षी खोल नांगरट नको, कारण गाडलेलं तणाचं बी पुढच्या नांगरटीत पुन्हा वर येतं.

शून्य मशागतीत, म्हणजे न नांगरता थेट पेरणीत, माती कमी हलते, म्हणून गुल्ली दंडा हे गव्हासारखं दिसणारं गवती तण कमी उगवतं. हराळी आणि लव्हाळा मात्र तसेच टिकतात. उभं तण आधी न मारता थेट पेरणी केली, तर गहू पहिल्या दिवसापासून मागे पडतो.

हाताशी वेळ असेल तर आधी ओलवणी करा (पेरणीआधी पाणी द्या), उगवलेलं तण वाफशावर (माती ओलसर पण चिकट नसताना) कुळवाच्या उथळ पाळीने मोडा आणि मग ५ सेंटिमीटर खोलीवर पेरा. पाळी खोल गेली तर नवं बी वर येतं, केलेली मेहनत वाया जाते.

फवारणीतली मोठी चूक तण न ओळखण्याची. गव्हाच्या पानाच्या बुडाशी खोडाला कवटाळणारे दोन छोटे कान असतात; रान ओट या गवती तणाला ते नसतात. गुल्ली दंड्याच्या कोवळ्या रोपाचं बूड लालसर असतं. २,४-डी हे तणनाशक या गवतांवर चालत नाही आणि क्लोडिनाफॉप हे तणनाशक चाकवतासारख्या रुंद पानांच्या तणांवर चालत नाही. दोन्ही एकाच टाकीत मिसळू नका, क्लोडिनाफॉपचा परिणाम घटतो. २,४-डी पेरणीनंतर साधारण ३० ते ३५ दिवसांनी, पूर्ण फुटवे आल्यावर मारा. त्याआधी किंवा कांडी धरल्यावर (खोडाला पेरं सुटू लागल्यावर) मारलं तर ओंब्या वेड्यावाकड्या येतात. सल्फोसल्फ्युरॉन हे तणनाशक वापरलं असेल तर पुढचं पीक ज्वारी किंवा मका घेऊ नका. त्याचा अंश जमिनीत राहतो.

फवारूनही तण जिवंत आहे? जमिनीत ओल होती का, फवारणीचं पाणी पुरेसं होतं का, नोझल चपट्या फवाऱ्याचं होतं का, हे आधी तपासा. हे सगळं ठीक असून एकाच जातीच्या मेलेल्या रोपांशेजारी काही रोपं हिरवीगार उभी असतील, तर तणात औषधाविरुद्ध प्रतिकारशक्ती आल्याचा संशय घ्या. त्याच औषधाची मात्रा वाढवू नका, पुढच्या हंगामात औषधाचा गट बदला, म्हणजे वेगळ्या पद्धतीने तण मारणारं औषध घ्या. वाचलेली रोपं बी धरण्याआधी उपटून शेताबाहेर न्या.