अर्थशास्त्राचा ऑनलाइन अभ्यास करताय? मग या चुका टाळा

अर्थशास्त्र शिकणाऱ्या मुलांना आज साधनांची कमतरता नाही. फ्रेड हे अमेरिकी आर्थिक आकडेवारीचं संकेतस्थळ उघडा, जागतिक बँकेची आकडेवारी उघडा, एमआयटीचे अख्खे अभ्यासक्रम उघडा. सगळं फुकट आहे आणि बहुतेक ठिकाणी लॉगिनसुद्धा लागत नाही. तरीही दर सत्राच्या शेवटी माझ्यासमोर जे प्रोजेक्ट येतात, त्यांत तेच ते घोळ असतात. "मॅडम, डेटासाठी चांगली वेबसाइट कोणती?" हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो. अरे बाबांनो, वेबसाइट चांगल्याच आहेत. आलेखाखाली किंवा तक्त्याच्या कोपऱ्यात बारीक करड्या अक्षरांत एक ओळ असते, ती कोणी वाचत नाही. सगळं दुखणं तिथे आहे.

आकडा उचलला, एकक तिथेच राहिलं

ही माझी सर्वांत नावडती चूक, म्हणून तिच्यावर जरा सविस्तर.

एका विद्यार्थ्याने २०२० च्या एप्रिल-जून तिमाहीवर सादरीकरण केलं होतं. विषय होता महामारीत कोणती अर्थव्यवस्था किती आपटली. पडद्यावर तीन देखणे खांब होते. जीडीपीत, म्हणजे देशातल्या एकूण उत्पादनात, अमेरिका ३२.९ टक्के घट, भारत २३.९ टक्के, ब्रिटन २०.४ टक्के. निष्कर्ष असा की अमेरिकेची अवस्था सर्वांत वाईट आणि ब्रिटनने त्यातल्या त्यात बरं सांभाळलं. मग ब्रिटनने ते कसं सांभाळलं यावर दोन स्लाइड. मांडणी सफाईदार होती, उच्चार स्पष्ट होते, टाळ्याही पडल्या.

गंमत म्हणजे तिन्ही आकडे खरे होते. त्या-त्या देशाच्या सरकारी यंत्रणेने जाहीर केलेले पहिले अंदाज हेच होते. पण प्रत्येक आकडा वेगळ्या मोजपट्टीने मोजलेला होता. अमेरिका आधीच्या तिमाहीशी तुलना करते आणि मग 'हाच वेग चार तिमाह्या टिकला तर वर्षाला किती' असा हिशेब करून तो दर छापते. ब्रिटनने आधीच्या तिमाहीशी साधी तुलना केली होती. भारताचा आकडा आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी तुलना करून आलेला.

आता एकच पट्टी लावून बघा. आधीच्या तिमाहीशी सरळ तुलना केली तर अमेरिकेची घट सुमारे साडेनऊ टक्के भरते. ब्रिटनची घट अमेरिकी पद्धतीने मांडली तर ती सुमारे ६० टक्क्यांवर जाते. आदल्या वर्षीच्या तिमाहीशी ताडून पाहिलं तर भारत २३.९, ब्रिटन २१.७ आणि अमेरिका पुन्हा साडेनऊच्या आसपास. म्हणजे ज्याला 'सर्वांत वाईट' म्हटलं तो देश तिघांत सर्वांत कमी घसरलेला! दोन स्लाइडभर सांगितलेली कारणं अशा गोष्टीची होती, जी घडलीच नव्हती.

मी विचारलं, "या आकड्यांचं एकक काय?" उत्तर आलं, "टक्के." नुसतं 'टक्के' म्हणून भागत नाही. कशाच्या तुलनेत आणि किती काळासाठी, हे कळल्याशिवाय तो आकडा दुसऱ्या आकड्याशेजारी ठेवायचा नाही. आणि ही माहिती लपवलेली नव्हती. तिन्ही प्रसिद्धिपत्रकांत ती दिलेली होती. पण या मुलाने आकडे बातमीच्या मथळ्यांतून घेतले होते, कारण 'वेळ नव्हता'. आलेखाचे रंग जुळवायला मात्र होता.

माझी सवय सांगते, पद्धत वगैरे म्हणणार नाही. डेटाच्या फाइलमध्ये आकड्यांआधी एक वेगळं पान ठेवायचं. मालिकेचं पूर्ण नाव, एकक, किमती चालू (त्या-त्या वर्षीच्या) की स्थिर (एकाच ठरावीक वर्षाच्या) आणि स्थिर असतील तर पायाभूत वर्ष कोणतं, हंगामी चढउतार काढून टाकलेत की नाही, वाढीचा दर कशाशी तुलना करून काढला, आणि फाइल कोणत्या तारखेला उतरवली. हे पान कोरं असेल तर मी पुढचा आलेख बघतच नाही. मुलांना हा छळ वाटतो. वाटू दे.

तारीख कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी: वरचाच अमेरिकेचा ३२.९ हा जुलै २०२० मधला पहिला अंदाज. सप्टेंबरअखेर तो ३१.४ झाला आणि पुढच्या वार्षिक सुधारणांत पुन्हा बदलला. आज तुम्ही फ्रेडवरून तीच मालिका उतरवली तर आणखी वेगळा आकडा मिळेल. 'माझा आकडा पुस्तकाशी जुळत नाही' म्हणून रडत येणाऱ्या निम्म्या मुलांचा प्रश्न हाच असतो. जुन्या तारखेला कोणता आकडा दिसत होता हे बघायचं असेल, तर फ्रेडचंच आल्फ्रेड नावाचं भावंड आहे. ते याच कामासाठी आहे.

चालू किमती, स्थिर किमती आणि डॉलरचे तीन प्रकार

जागतिक बँकेच्या संकेतस्थळावर 'जीडीपी' शोधलं की डझनभर मालिका येतात आणि मुलं पहिलीवर टिचकी मारतात. ती बहुधा चालू डॉलरमधली असते. मग वीस वर्षांची 'वाढ' काढतात. त्या वाढीत महागाई असते, विनिमय दराची उलथापालथ असते आणि थोडंफार उत्पादनही असतं. इथे मात्र एक शॉर्टकट मला मान्य आहे: मालिकेच्या कोडची शेवटची अक्षरं बघा. सीडी म्हणजे चालू डॉलर, केडी म्हणजे स्थिर डॉलर, आणि त्याआधी पीपी असेल तर क्रयशक्ती समानतेचा हिशेब, म्हणजे तेवढ्या पैशात त्या देशात प्रत्यक्ष किती वस्तू येतात ते धरून केलेला. एका देशाची काळानुसार वाढ पाहायची तर स्थिर किमती, दोन देशांचं राहणीमान ताडायचं तर क्रयशक्ती समानता. एवढं लक्षात ठेवलं तरी बरेच अपघात टळतात.

गरिबीच्या आकड्यांत हाच घोळ दुसऱ्या वेशात येतो. जागतिक बँकेची आंतरराष्ट्रीय दारिद्र्यरेषा २००८ मध्ये दिवसाला १.२५ डॉलर झाली, २०१५ मध्ये १.९०, २०२२ मध्ये २.१५ आणि जून २०२५ मध्ये ३ डॉलर. प्रत्येक वेळी किमतींचं आधारवर्ष बदललं. एका जुन्या नोट्समधून २०१० चा आकडा, नव्या पानावरून अलीकडचा आकडा, दोन्ही जोडून 'गरिबी वाढली' असा शोध लावणारे प्रोजेक्ट मी वाचले आहेत. रेषा सरकली होती, माणसं तिथेच होती. एकाच रेषेची पूर्ण मालिका एकाच दिवशी उतरवा.

विषमता मोजणाऱ्या गिनी गुणांकाचंही तसंच. काही देशांचा तो उत्पन्नावरून काढतात, काहींचा उपभोग खर्चावरून, आणि खर्चावरून काढलेली विषमता साधारणपणे कमी दिसते. शेजारी ठेवण्याआधी बघा.

व्हिडिओ पाहिला म्हणजे विषय आला

माझी दुसरी लाडकी चूक. खान अकॅडमी, मार्जिनल रेव्होल्यूशन युनिव्हर्सिटी, एमआयटी ओपनकोर्सवेअर, तिन्ही उत्तम आहेत. मुलं ती दुप्पट वेगाने पाहतात, मान डोलावतात आणि परीक्षेत 'किंमत वाढली, म्हणून मागणी वक्र डावीकडे सरकला' असं लिहून मोकळी होतात. किंमत बदलली तर आपण त्याच वक्रावरून वर-खाली जातो. वक्र सरकतो तो उत्पन्न, आवड, पर्यायी वस्तूंच्या किमती असल्या गोष्टींमुळे. हे सांगणारा व्हिडिओ त्यांनी पाहिलेला असतो. दोनदासुद्धा. पोहण्याची चित्रफीत बघून कोणी पोहायला शिकलेलं नाही.

उपाय कंटाळवाणा आहे. व्हिडिओ थांबवा आणि कोऱ्या कागदावर आकृती स्वतः काढा. दोन्ही अक्षांवर काय आहे ते लिहा, कोणती रेषा सरकली आणि का ते एका वाक्यात लिहा. जमलं नाही तर तेवढाच भाग पुन्हा पाहा. एमआयटीच्या प्राथमिक सूक्ष्म अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमात, ज्याचा क्रमांक १४.०१ आहे, व्हिडिओंपेक्षा मोलाचे आहेत ते त्यासोबतचे प्रश्नसंच. ते फार थोडी मुलं उघडतात आणि उघडणाऱ्यांतली बरीच सरळ उत्तरांच्या फाइलवर जातात. उत्तर वाचून 'हो, हेच माझ्या मनात होतं' असं वाटतं ना? नव्हतं मनात.

त्यातली पोटचूक म्हणजे व्हिडिओचं साल न बघणं. मागणी-पुरवठ्याचा पंधरा वर्षं जुना व्हिडिओ चालेल, पण बँकिंगचा चालेलच असं नाही. 'राखीव निधीचं प्रमाण १० टक्के, म्हणून पैसा गुणक १०' हे अमेरिकेचं उदाहरण देऊन शिकवणारे असंख्य व्हिडिओ अजून फिरतात. म्हणजे बँकांनी ठेवींचा दहावा हिस्सा बाजूला ठेवायचा, आणि एकाला त्या प्रमाणाने भागलं की एका रुपयातून किती पैसा तयार होतो तो गुणक मिळतो. फेडरल रिझर्व्हने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, ते प्रमाण २६ मार्च २०२० पासून शून्यावर आणलंय. सूत्रात शून्य घाला आणि गुणक किती येतो बघा! अनंत. बँकांनी मात्र अनंत कर्जं वाटली नाहीत, कारण कर्ज देताना बँकेला भांडवल, जोखीम आणि चांगला कर्जदार मिळतो का हे सगळं बघावं लागतं. शिवाय ऑक्टोबर २००८ पासून फेड बँकांच्या राखीव ठेवींवर व्याज देते आणि व्याजदर मुख्यतः त्या वाटेने हलवते. ठेवी आधी आणि कर्ज नंतर हे चित्रच उलटं आहे, कर्ज देतानाच ठेव जन्माला येते, असं बँक ऑफ इंग्लंड या ब्रिटनच्या मध्यवर्ती बँकेने २०१४ च्या आपल्या तिमाही पत्रिकेत सरळ लिहून ठेवलंय. तो लेख मोफत आहे, सोप्या भाषेत आहे आणि कुठल्याही दहा व्हिडिओंपेक्षा जास्त शिकवतो. परीक्षेला गुणक विचारला तर गुणक लिहा, पण तो एक सोपा नमुना आहे हे माहीत असू द्या.

बाकीच्या, पटापट

मूळ फाइलवरच काम करू नका. उतरवलेली फाइल तशीच ठेवा आणि प्रतीवर हिशेब करा. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांच्या २०१० च्या सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढीवरच्या निबंधात एक्सेलमध्ये सरासरी घेताना पाच देश सुटले होते. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला मूळ फाइल मिळाली म्हणून ते सापडलं. अंतिम निकालात त्या पाच देशांचा वाटा तसा लहान होता. मोठा फरक पडला तो काही वर्षं वगळल्याने आणि सरासरीत वजनं कशी दिली त्याने. पण तेही फाइल उघडल्यावरच दिसलं.

बेरोजगारी ४ वरून ५ टक्क्यांवर गेली तर ती एक टक्क्याने वाढली नाही. एक टक्केवारी बिंदूने वाढली, आणि टक्क्यांतच म्हणायचं तर २५ टक्क्यांनी.

डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरा असा दोन उभ्या अक्षांचा आलेख काढू नका. पट्ट्या हव्या तशा ताणल्या तर कुठल्याही दोन रेषा एकमेकींना मिठी मारतात.

चॅटबॉटने दिलेला संदर्भ गूगल स्कॉलरवर किंवा आयडियाज या अर्थशास्त्रीय निबंधांच्या सूचीत सापडला नाही, तर तो अस्तित्वात नाही असं समजा. लेखक खरे, नियतकालिक खरं, निबंध मात्र कोणी लिहिलेलाच नाही, असे संदर्भ आता दर सत्रात येतात. मी असं प्रोजेक्ट परत करते, चर्चा करत नाही.

एनबीईआर या अमेरिकी संशोधन संस्थेचा कार्यनिबंध म्हणजे छापून आलेला, समीक्षकांनी तपासलेला निबंध नव्हे. वापरा, पण तसं नमूद करा.

शोधताना 'इन्फ्लेशन' एवढाच शब्द टाकून हजारो निकालांपुढे हताश बसू नका. अर्थशास्त्रीय निबंधांची विषयवार विभागणी करणाऱ्या जेईएल वर्गीकरणाची अक्षरं शिका: डी सूक्ष्म, ई स्थूल, एफ आंतरराष्ट्रीय, जे श्रम. त्याआधी जर्नल ऑफ इकॉनॉमिक पर्स्पेक्टिव्ह्ज चाळा. सगळे अंक मोफत आहेत आणि लेख तज्ज्ञेतरांनाही कळावेत अशा बेताने लिहिलेले असतात. पदवीच्या मुलांनी थेट इकॉनोमेट्रिकासारख्या गणिती नियतकालिकापासून सुरुवात करण्याचा हट्ट का धरावा, मला कळत नाही.

आणि निबंध पैशांच्या भिंतीआड असेल तर चोरवाटा शोधण्याआधी लेखकाचं स्वतःचं पान उघडा. अर्थशास्त्रज्ञ आपल्या निबंधांचे मसुदे तिथे बहुधा ठेवतात. मसुदा आणि छापील प्रत यांतले तक्ते वेगळे असू शकतात, म्हणून कोणती प्रत वाचली ते लिहा. पानावरही नसेल तर लेखकाला दोन ओळींचा ई-मेल टाका. बरेच जण पीडीएफ पाठवतात. फक्त त्याच ई-मेलमध्ये 'तुमच्या निबंधाचा सारांशही द्याल का' असं विचारू नका.