रेषेशिवाय चेहरा: स्यूराच्या पद्धतीने कोळशाचं व्यक्तिचित्र

फ्रेंच चित्रकार जॉर्ज स्यूरा ओळखला जातो तो ठिपक्यांच्या रंगचित्रांसाठी. मला मात्र त्याची काळी चित्रं जास्त थोर वाटतात. १८८२-८३च्या सुमारास त्याने भरतकाम करणाऱ्या आपल्या आईचं चित्र काढलं. ते आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. उंची जेमतेम ३१ सेंटिमीटर. आई खाली मान घालून कामात गढलेली, आणि बाह्यरेषा कुठेच नाही; नुसता काळोख आणि त्यातून वर येणारा उजेड.

असं चित्र काढायचं तर आधी कागद नीट निवडा. स्यूरा मिशाले नावाचा खरबरीत कागद वापरायचा. चित्र काढायची कांडी या कागदाच्या उंचवट्यांवरून सरकते, खळगे पांढरेच राहतात, आणि तेच पांढरे कण चित्रात उजेड होतात. गुळगुळीत कागदावर हे जमणारच नाही. स्यूराची कांडी कोंते नावाच्या काळ्या खडूची असे, कोळशाहून कडक आणि किंचित तेलकट. ती सहजी खोडता येत नाही, म्हणून पहिल्या चित्राला साधा कोळसा घ्या.

घरातल्याच कुणाला तरी शिवण-टिपण करायला बसवा, एका बाजूला दिवा ठेवा. कामात असलेलं माणूस अवघडत नाही. आता डोळे किलकिले करून बघा. नाक-डोळे विरून जातील, उरतील ते काळे-उजळ आकार. तेवढेच काढायचे.

कांडी आडवी धरा आणि अगदी हलक्या हाताने सगळीकडे करडा थर द्या. कपाळ आणि हात तेवढे कोरे सोडा. मग केस, खांदा, सावलीतला गाल एकावर एक थर देत गडद करा. बोटाने घासू नका! भुकटी खळग्यांत बसली की उजेड मेला.

खरी गंमत कडांवर आहे. चेहऱ्याची उजळ बाजू जिथे संपते, तिथे मागची पार्श्वभूमी गडद करा. अंधाऱ्या खांद्यामागे ती फिकी ठेवा. कड आपोआप दिसू लागते. स्यूराच्या चित्रांत हे सारखं भेटतं. इथे घाई करू नका, पुन्हापुन्हा लांब जाऊन बघा. पापण्या शेवटी, त्याही सावलीच्या एका पट्ट्यात.

पुरे वाटलं की खिडकी उघडून फिक्सेटिव्हचे (कोळसा कागदावर धरून ठेवणाऱ्या द्रवाचे) दोन-तीन विरळ फवारे मारा. फ्रेम करताना मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घाला, म्हणजे काच कोळशाला टेकणार नाही.