भयकथा लिहिणाऱ्यांनो, या चुका टाळा

मराठीत भयकथा लिहिणाऱ्या माणसाचे वर्ष एकसारखे जात नाही. उन्हाळा सरत आला की दिवाळी अंकांच्या संपादकांचे फोन सुरू होतात, पावसाळ्यात एकापाठोपाठ एक कथा द्याव्या लागतात, अंक बाजारात आले की अनोळखी वाचकांचे कौतुक कानावर येते, आणि डिसेंबर उजाडला की सगळे थंडावते. या थंडाव्यात अनेक चांगले लेखक खचतात आणि काही जण लिहिणेच सोडून देतात. यातला थोडा भाग कोणाच्याच हातात नसतो. मात्र बराचसा उतार लेखकाने स्वतः ओढवून घेतलेला असतो आणि त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच समजूत असते, ती म्हणजे भयकथा हे दुय्यम दर्जाचे लेखन आहे. समीक्षकांनी तसे मानले तर फारसे बिघडत नाही. लेखकानेच ते मनातून मान्य केले, की संहिता पुन्हा वाचण्याचा कंटाळा येतो, तपशील तपासावेसे वाटत नाहीत, करारावर न वाचता सही होते आणि मानधन मागायलाही संकोच वाटतो.

भीती सांगणे, पण न दाखवणे

‘कथा चांगली आहे, पण भीती वाटली नाही,’ असे वाचक सांगू लागले की लेखक घाबरतो आणि पुढच्या कथेत रक्त, किंकाळ्या आणि विशेषणे वाढवतो. दोष बहुधा उलट बाजूला असतो. ‘खोलीत एक भयाण, जीवघेणी शांतता पसरली होती’ या वाक्यात वाचकाला पाहण्यासारखे काहीच नाही. लेखक घाबरला आहे एवढेच त्यातून कळते.

त्याऐवजी हे पाहा. आजी जाऊन महिना झाला आहे. तिची गोळ्यांची डबी, वारांची नावे लिहिलेल्या सात कप्प्यांची, अजून देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर तशीच आहे, कारण ती उचलायचे कोणाच्या जिवावर येत नाही. सगळे कप्पे भरलेले आहेत. बुधवारी सकाळी सून फडके मारायला ती उचलते तेव्हा मंगळवारचा कप्पा रिकामा असतो. सून डबी होती तशी ठेवते आणि कोणाला काही बोलत नाही. इथे ‘भयाण’ हा शब्द नाही, दिवे गेलेले नाहीत, कुत्रे रडलेले नाही. वाचक मात्र गुरुवारच्या सकाळची वाट पाहू लागतो. सुनेने गप्प राहणे हा या प्रसंगाचा कणा आहे. तिने किंकाळी फोडली असती तर घर जमले असते आणि भीती सगळ्यांत वाटली जाऊन हलकी झाली असती.

दुरुस्तीचा मार्ग कष्टाचा आहे, पण सरळ आहे. कथा पूर्ण झाल्यावर ‘भयानक’, ‘अमानवी’, ‘गूढ’, ‘अघोरी’ हे शब्द शोधून खोडावेत आणि त्या जागी कोणती वस्तू, कोणता आवाज किंवा कोणती कृती येऊ शकते ते पाहावे. काहीच सुचत नसेल तर तो प्रसंग लेखकालाच दिसलेला नाही, असे समजून तो नव्याने लिहावा.

शेवटच्या ओळीत धक्का देण्याची सवयही याच जातीची आहे. ‘तो तर दहा वर्षांपूर्वीच वारला’ हा शेवट वाचकाला तिसऱ्या परिच्छेदात कळलेला असतो. शेवट काढून टाकल्यावरही कथा अंगावर येत असेल, तरच तिला शेवटाची गरज आहे की नाही याचा विचार करावा.

लोकसमजुतींची भेसळ

महाराष्ट्र आणि गोव्याच्या लोकसमजुतींत प्रत्येक भुताचे आणि देवतेचे स्थान, स्वभाव आणि कारण ठरलेले आहे. मुंज झाली पण लग्न होण्याआधीच जो मुलगा गेला त्याचा मुंजा होतो आणि त्याचा वास पिंपळावर असतो. चकवा जीव घेत नाही, तो वाट चुकवतो. माणूस रात्रभर चालून पुन्हा त्याच बांधावर येतो. साती आसरा विहिरीच्या किंवा नदीच्या काठच्या जलदेवता आहेत आणि त्यांची भीती जितकी आहे तितकीच त्यांची पूजाही आहे. गोव्यात आणि सिंधुदुर्गात देवचार हा गावाच्या हद्दीचा राखणदार मानला जातो, रात्री तो आपल्या सीमेवरून फिरतो आणि चालून झिजतात म्हणून लोक त्याला वहाणा वाहतात. त्याला रक्तपिपासू राक्षस करून टाकणारी कथा वाचली की त्या गावचा वाचक पहिल्याच पानावर अंक मिटतो, आणि माझ्या मते त्याचे बरोबर असते. ज्याला आपण भाबडेपणा समजतो त्यात एक काटेकोर व्यवस्था असते, आणि ती व्यवस्था मोडली जाण्यातच खरी भीती असते. देवचाराला वाहायची वहाण एका वर्षी वाहायची राहून गेली, एवढ्यावर कथा उभी राहू शकते.

ज्या भागाची कथा लिहायची आहे त्या भागातल्या वयस्कर माणसांशी बोलावे. प्रश्न विचारताना ‘तुमच्याकडे भुते असतात का?’ असे विचारू नये. ‘तिन्हीसांजेला कुठल्या वाटेने जात नाहीत आणि का?’ असे विचारावे. उत्तरे नोंदवून ठेवावीत, गाव आणि घर ओळखू येईल असे तपशील मात्र कथेत बदलावेत. एखाद्या घरात झालेला अकाली मृत्यू आपल्या कथेचा माल आहे असे मानून तो जसाच्या तसा वापरणे हा त्या घरावरचा अन्याय आहे.

‘सत्य घटनेवर आधारित’ असा शिक्का

ही चूक सगळ्यांत गंभीर आहे, कारण तिचा फटका लेखकाबाहेर इतरांनाही बसतो. कथेच्या डोक्यावर ‘सत्य घटना’ असे लिहिले की वाचक वाढतात हे खरे आहे. त्यानंतर काय होते ते सहसा कोणी सांगत नाही. काही दिवसांनी रात्री उशिरा एक मेसेज येतो: ‘सर, माझ्या बहिणीलाही अगदी तसेच होते. झोपेत तिच्या छातीवर कोणीतरी बसते. तुमच्या कथेतले ते बाबा कुठे असतात?’ समोरचा माणूस कथेचे कौतुक करत नसतो, तो मदत मागत असतो, आणि आपण त्याच्या भीतीला साक्षीदार पुरवलेला असतो.

जाग आलेली असताना हातपाय न हलणे आणि छातीवर ओझे जाणवणे हा झोपेचा एक ज्ञात प्रकार आहे. अपुरी किंवा वेळी-अवेळी झोप, मानसिक ताण यांमुळे तो वाढतो आणि डॉक्टरांना तो परिचित असतो. अशा मेसेजला मौन किंवा आणखी गूढ उत्तर देऊ नये. कथा पूर्णपणे काल्पनिक आहे हे पहिल्याच वाक्यात सांगावे आणि जवळच्या डॉक्टरांकडे जाण्याचा आग्रह धरावा. मनाच्या त्रासासाठी केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. भयकथा लिहिणाऱ्या प्रत्येकाने हा क्रमांक हाताशी ठेवावा असे मला मनापासून वाटते.

महाराष्ट्रात या प्रश्नाला कायद्याचीही बाजू आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावास आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि अघोरी कृत्यांच्या आचरणाबरोबरच त्यांचा प्रचार-प्रसार करणेही गुन्हा ठरते. कल्पित कथा कल्पित म्हणून लिहिणे ही वेगळी गोष्ट आहे. आपणच ‘हे खरोखर घडले, आणि अमुक विधीने बाधा गेली’ असे छापतो तेव्हा कथा आणि प्रचार यांच्यातली रेषा आपल्याच हाताने पुसून टाकतो. वाचकाला खिळवून ठेवण्यासाठी खोट्या प्रमाणपत्राची गरज पडत असेल, तर दुरुस्ती कथेत करायला हवी.

करार न वाचणे

भयकथेला सध्या ऐकणाऱ्यांकडून मोठी मागणी आहे. ‘स्टोरीटेल’ हे ऑडिओबुकांचे अॅप २०१७ मध्ये भारतात आले तेव्हापासून मराठी ऑडिओबुकांचा श्रोता वाढत गेला, आणि रात्री दिवे मालवून ऐकायला भयकथेइतका सोयीचा प्रकार दुसरा नाही. त्याच वेळी कोणाचीही परवानगी न घेता दिवाळी अंकातल्या कथा वाचून दाखवणारी यूट्यूब चॅनेल्सही वाढली, आणि लेखकाचे नाव कापून व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या कथांची तर गणतीच नाही.

कथा लिहिली त्या क्षणी तिचा स्वामित्वहक्क (प्रताधिकार, म्हणजेच कॉपीराइट) लेखकाकडे येतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे असतील तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. करारात वेगळे काही म्हटलेले नसेल आणि हक्क घेणाऱ्याने ते वर्षभरात वापरलेच नाहीत, तर ते परत लेखकाकडे येतात. या तरतुदी लेखकाच्या बाजूच्या आहेत, पण ‘सर्व माध्यमांतील सर्व हक्क कायमस्वरूपी’ या एका ओळीवर सही केली की त्यांतल्या बहुतेकांचा उपयोग संपतो. म्हणून छापील, ई-बुक, ध्वनी, चित्रपट व वेबमालिका आणि अनुवाद हे हक्क करारात वेगवेगळे मांडून घ्यावेत आणि जे द्यायचे नाहीत ते आपल्याकडे राहतात असे स्पष्ट लिहून घ्यावे. दिवाळी अंकाला कथा पाठवतानाही ‘केवळ एकदा छापण्यासाठी’ हे शब्द ईमेलमध्ये असू द्यावेत.

लेखकाच्या मृत्यूनंतरही हा हक्क साठ वर्षे टिकतो. भयकथाकार नारायण धारप २००८ मध्ये गेले; म्हणजे त्यांच्या लेखनाचे हक्क २०६८ च्या अखेरपर्यंत सुरक्षित आहेत. ज्या कथेची आज आपण फारशी किंमत करत नाही, ती आपल्या नातवंडांच्या काळातही कोणाला तरी हवी असू शकते.

परस्पर वाचलेली कथा यूट्यूबवर सापडली तर कमेंटमध्ये भांडत बसू नये. मूळ अंकाच्या मुखपृष्ठाचे व कथेच्या पहिल्या पानाचे छायाचित्र, संपादकाला पाठवलेल्या ईमेलची तारीख आणि त्या व्हिडिओचा दुवा एकत्र ठेवून यूट्यूबच्या कॉपीराइट तक्रार अर्जातून तक्रार करावी. हे पुरावे आधीपासून एका फोल्डरमध्ये असतील तर काम तासाभरात होते.

एका चांगल्या वर्षावर नोकरी सोडणे

एखाद्या दिवाळीत कथा गाजते, दोन-तीन प्रकाशक विचारणा करतात, एखाद्या निर्मात्याचा फोन येतो, आणि लेखकाला वाटते की आता पूर्णवेळ लिहावे. रत्नाकर मतकरींनी १९५५ पासून लेखन केले, पण बँकेतली नोकरी त्यांनी १९७८ मध्ये सोडली. तोपर्यंत नाटके, बालनाट्ये आणि गूढकथा अशा अनेक प्रकारांत त्यांचे नाव झालेले होते. दिवाळी अंकाचे मानधन अनेकदा पुढच्या वर्षावर जाते, रॉयल्टीचा हिशेब वर्षातून एकदा येतो आणि निर्मात्यांचे बहुतेक फोन दुसऱ्या भेटीपुढे जात नाहीत. वर्षभराच्या घरखर्चाएवढी रक्कम लेखनाच्या उत्पन्नातूनच बाजूला पडली असेल आणि सलग दोन-तीन वर्षे तसे जमले असेल, तरच हा विचार करावा. मानधनाची आठवण करून देण्यात लाजण्यासारखे काही नाही. अंक प्रसिद्ध झाल्यावर महिन्याभराने बँकेच्या तपशिलासह दोन ओळींचे विनम्र पत्र पाठवावे.

झोपेवर आणि घरावर भार टाकणे

रात्री लिहिल्याशिवाय भयकथा उतरत नाही, ही समजूत अनेकांची झोप खाते. सलग रात्री जागून लिहिणाऱ्याची स्वप्ने, दचकणे आणि चिडचिड ही प्रतिभेची लक्षणे नसतात. तो झोपेचा तुटवडा असतो. मसुदा दिवसा उजेडात लिहून पाहावा. भीतीचा प्रसंग दुपारी दोन वाजता, खाली भाजीवाल्याची हाक ऐकू येत असताना वाचून अंगावर काटा आला, तर तो प्रसंग नक्की जमला आहे. रात्रीच्या वाचनाची साक्ष इतकी भरवशाची नसते, कारण रात्र स्वतःच अर्धे काम करून देते.

घरातल्या लहान मुलांना अर्धवट मसुदे ऐकवू नयेत आणि पत्नीला, पतीला किंवा आईला दर वेळी पहिले वाचक करू नये. त्यांची भीती आपल्याविषयीच्या काळजीत मिसळलेली असते. कथेत मूल मेले की आई विचारते, ‘तू बरा आहेस ना?’ तिचा प्रश्न योग्यच असतो, पण त्यावरून कथा जमली की नाही ते ठरत नाही. त्यासाठी एखादा तिऱ्हाईत, स्पष्टवक्ता आणि शक्यतो भयकथा न आवडणारा वाचक शोधावा.

डिसेंबर ते मार्च हे रिकामे महिने नव्या कथेची सक्ती करण्यात घालवू नयेत. ‘साभार परत’ आलेल्या कथा तेव्हा बाहेर काढाव्यात. संपादकाने नाकारण्याचे कारण दिले असेल तर ते कथेच्या वर लिहून ठेवावे, आणि कारण दिले नसेल तर त्या अंकात त्या वर्षी काय छापले गेले ते वाचावे. कित्येकदा कथेत दोष नसतो. ती त्या अंकासाठी लांब असते किंवा त्याच विषयावरची दुसरी कथा आधीच घेतलेली असते. अशी कथा दुरुस्त करून मे महिना लागण्याच्या आत दुसऱ्या संपादकाकडे पाठवावी, कारण जून-जुलैमध्ये बहुतेक अंकांची पाने ठरत आलेली असतात.