जुनं ग्राफिक्स कार्ड: आधी तपासा, मग वीज द्या

ठाणे-नवी मुंबईच्या खाडीकाठच्या दमट हवेत कार्डाचे संपर्क काळवंडतात. म्हणून सुरुवात सफाईपासून: मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये जाणारी सोनेरी पट्टी पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने घासा, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. हिरवट डाग ब्रशने काढा. पूर्ण वाळल्याशिवाय कार्ड लावू नका.

लावण्याआधी मल्टिमीटर बीपवर ठेवा. एक टोक कार्डाच्या पॉवर कनेक्टरमधल्या १२ व्होल्टच्या पिनला, दुसरं कार्ड कॅबिनेटला ज्या लोखंडी पट्टीने बसतं तिला. बीप सतत वाजला तर शॉर्ट आहे, बहुतेकदा मॉस्फेट (वीज चालू-बंद करणारा भाग) किंवा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) गेलेला. अशा कार्डाला वीज देऊ नका.

चिप आणि हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळली असेल तर बदला. चिपवर मटारएवढी पुरते. थर्मल पॅडची (उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्टीची) जाडी मात्र जुन्या पॅडएवढीच हवी. जाड पॅड बसवला की हीटसिंक चिपवर टेकत नाही आणि तापमान उलट वाढतं. ही चूक फार होते.

आता वीज. स्लॉटमधून ७५ वॅट, ६ पिनमधून ७५, ८ पिनमधून १५० मिळतात. १८५ वॅटच्या आरएक्स ५८० कार्डाला चांगल्या कंपनीचा ५०० वॅटचा वीजपुरवठा (एसएमपीएस) सहसा पुरतो. साटा (हार्ड डिस्कला वीज देणारा प्लग) ते ६ पिन अडॅप्टर कृपा करून वापरू नका: साटाच्या १२ व्होल्टवर ५४ वॅटच मिळतात, प्लग वितळतो. पुरवठा दुबळा असेल तर पॉवर कनेक्टर नसलेलं जीटीएक्स १०५० टीआय कार्ड घ्या.